महाप्रदर्शनांची जुनी छायाचित्रे : इमारतीआधी छायाचित्र वाचायला हवे

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

अलीकडे कोल्हापुरातल्या इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एकाच जातीची छायाचित्रे सारखी फिरताना दिसतात. पांढरेशुभ्र घुमट, कमानींच्या लांबच लांब रांगा, मधोमध तळे, तळ्यात उंच पुतळा, आणि एवढ्या सगळ्या वैभवात औषधालाही माणूस नाही. खालचा मजकूर ठरलेला असतो. एवढे राजवाडे दीड-दोन वर्षांत उभे राहिले कसे, सहा महिन्यांत ते मोडून का टाकले, आणि घोडागाडीत बसणाऱ्या माणसांना हे सगळे जमले तरी कसे? उत्तरही तयारच असते : ही कुठल्याशा लुप्त महासंस्कृतीची नगरे होती आणि नंतर ती इतिहासातून पुसून टाकली गेली. बहुतेक वेळा ते छायाचित्र १८९३ मध्ये अमेरिकेत शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचे असते. त्या प्रदर्शनापुरती उभारलेली ती नगरी कोणी आखली, कशाची बांधली, तिचे पुढे काय झाले, हे सगळे कागदोपत्री नोंदलेले आहे.

मात्र केवळ त्या मजकुराचे खंडन करावे म्हणून मी हा धागा काढलेला नाही. प्रश्न विचारणाऱ्यांचे कुतूहल खरे आहे आणि ते हसण्यावारी नेणे मला पटत नाही. अडचण अशी आहे की असे छायाचित्र समोर आले की आपली नजर थेट इमारतीवर जाते आणि मधले छायाचित्र आपण काचेच्या खिडकीसारखे ओलांडून जातो. प्रदर्शनाचे अधिकृत छायाचित्र हे त्या प्रदर्शनाचेच एक दालन असते. ते कोणी काढले, कोणाच्या पैशाने काढले, बांधकाम कोणत्या टप्प्यावर असताना काढले आणि त्या काळी फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घालत ती मसाला लावलेली काच कोणता रंग पकडू शकत होती, हे ठरवल्याशिवाय त्यातल्या इमारतीबद्दल बोलणे घाईचे ठरते.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून सुरुवात करतो, कारण या एका इमारतीच्या छायाचित्रांवर जितका गोंधळ झाला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या इमारतीच्या झाला असेल. ‘१८५१ च्या महाप्रदर्शनाचे छायाचित्र’ म्हणून जे फिरते, ते फार वेळा १८५१ चे नसतेच. जोसेफ पॅक्स्टन यांनी कल्पिलेली मूळ इमारत हाइड पार्कमध्ये होती. सुमारे १,८५० फूट लांब, लोखंड, लाकूड आणि सुमारे ३,००,००० काचा. २६ सप्टेंबर १८५० रोजी पहिला खांब उभा राहिला आणि १ मे १८५१ रोजी उद्घाटन झाले. प्रदर्शन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपले. मग ती इमारत सुटी करून लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम येथे नेली, तिथे बरीच मोठी आणि वेगळ्या रूपात उभारली, आणि १८५४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लागलेल्या आगीत ती नष्ट झाली. म्हणजे मूळ जागी ती वर्ष-दोन वर्षे होती, तर दुसऱ्या जागी ८२ वर्षे. उपलब्ध छायाचित्रांत दुसऱ्या जागेची संख्या प्रचंड असणार, हे यावरूनच लक्षात यावे.

दोन्हींतला फरक ओळखायला छप्पर पाहावे. हाइड पार्कमध्ये मुख्य लांबट दालनाचे छप्पर सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे होते आणि फक्त मधला आडवा भाग अर्धगोल कमानीचा होता. ती कमानही उद्यानातली जुनी एल्म झाडे न तोडता इमारतीच्या आत घेता यावीत म्हणून आली. सिडनहॅममध्ये मात्र मुख्य दालनावरही अखंड अर्धगोल छप्पर चढवले आणि आडवे भाग एकाचे तीन झाले. आत पूर्ण वाढलेले एल्मचे झाड दिसले, तर हाइड पार्क समजावे. बाहेर उतारावर दगडी जिने, गच्च्या आणि कारंजी दिसली, तर सिडनहॅम. कारण हाइड पार्कची जमीन सपाट होती. पुढे सिडनहॅमच्या छायाचित्राचा काळही ठरवता येतो. दोन्ही टोकांचे उंच पाण्याचे मनोरे अभियंते ब्रुनेल यांचे आहेत आणि ते उद्घाटनानंतर आले. म्हणून तिन्ही आडवे भाग आहेत पण मनोरे नाहीत, असे छायाचित्र अगदी सुरुवातीचे ठरते. १८६६ च्या डिसेंबरात उत्तरेकडचा आडवा भाग जळाला आणि तो पुन्हा बांधलाच गेला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक छायाचित्रात इमारत एका अंगाने तोकडी दिसते. खाली काहीही छापलेले नसले तरी एवढ्या खुणांवरून एका छायाचित्राचा काळ काही वर्षांच्या आत आणता येतो.

आता रंगाचे पाहू. क्रिस्टल पॅलेसच्या आतल्या लोखंडाला ओवेन जोन्स यांनी निळा, तांबडा आणि पिवळा असे रंग दिले होते, आणि त्या काळी त्यावर बराच वादही झाला होता. छायाचित्रात यातले काय दिसते? त्या काळच्या काचेला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळे खांब फिके, पांढुरके दिसतात आणि तांबड्या-पिवळ्या पट्ट्या काळपट पडतात. डोळ्यांना जी बाजू उजळ दिसली असेल, ती छायाचित्रात गडद झालेली असते. निळे आकाश कोरे पांढरे दिसते, तेही याच कारणाने. ते आकाश भकास वाटते म्हणून कित्येक छायाचित्रकार दुसऱ्या काचेवरचे ढग त्यात छापून घालत. म्हणून जुन्या छायाचित्रात इमारत आणि ढग दोन्ही एकदम सुरेख दिसले, तर आधी प्रकाशाची दिशा तपासावी. इमारतीची सावली उजवीकडे पडलेली आणि ढगाची उजळ कडाही उजवीकडे, असे असेल तर ते ढग तिथले नव्हेत.

माझ्या संग्रहात सिडनहॅमचे एक जोडचित्र आहे. एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन छायाचित्रे असतात आणि दोन भिंगांच्या चौकटीतून पाहिले की खोली दिसते, तसे. पुठ्ठ्याचे कोपरे गोलसर झिजले आहेत. भिंग लावून पाहिले तर डाव्या चित्रात गच्चीच्या कठड्याजवळ एक फिकट पट्टा आहे, खाली दाट, वर विरळ. उजव्या चित्रात त्याच जागी काहीच नाही. छायाचित्र चालू असताना कोणी तरी थोडा वेळ तिथे थांबून निघून गेलेले आहे. दोन्ही चित्रे एका क्षणाची नाहीत, हे त्या पट्ट्यावरून कळते. जोडचित्राचा आणखी मोठा उपयोग असा, की एका बाजूला हाताने काही रंगवले किंवा खरवडले असेल तर चौकटीतून पाहताना ती जागा बाकी दृश्याच्या खोलीत बसत नाही, हवेत तरंगल्यासारखी दिसते. मूळ पुठ्ठा हाती असेल तर हा पुरावा कोणालाही मिळतो. गटांवर फिरणाऱ्या प्रतींत मात्र एकच अर्धा भाग कापून टाकलेला असतो.

आपल्याकडे कोणाच्या घरी अशी जोडचित्रे, काचेच्या निगेटिव्ह किंवा प्रदर्शनांचे जुने अल्बम असतील तर त्यांविषयी इथे लिहावे. शिकागोविषयी मी मुद्दाम थोडक्यात आटोपले आहे, कारण त्याबद्दल मंडळींकडून प्रश्न येतील असे वाटते.

काळवत्री

लेख फार आवडला. एक शंका आहे. छायाचित्रात माणसे दिसत नाहीत याचे कारण म्हणून नेहमी ‘जुन्या कॅमेऱ्याला खूप वेळ लागे, म्हणून चालती माणसे उमटत नसत’ असे सांगितले जाते. १८५० च्या दशकासाठी ते ठीक आहे. पण १८९३ पर्यंत कोरड्या काचा (आधीच तयार मिळणाऱ्या, फार कमी वेळात चित्र घेणाऱ्या) बाजारात येऊन दहा-बारा वर्षे झाली होती, आणि कोडॅकचा हातातला कॅमेराही १८८८ मध्ये आला होता. मग शिकागोच्या चौकांत शुकशुकाट का?

पंचगंगाकाठ

काळवत्री, आपला आक्षेप अगदी योग्य आहे आणि तो नोंदवल्याबद्दल आभार. शिकागोच्या बाबतीत ते जुने उत्तर अपुरे पडते. रिकामेपणाचे मुख्य कारण तिथे तांत्रिक नसून व्यवस्थापनाचे आहे. प्रदर्शनाचे अधिकृत छायाचित्रकार चार्ल्स डडली अर्नोल्ड होते. मोठ्या काचांचे कॅमेरे आणि तिकाटणे त्यांच्या विभागाच्या हाती होती. इतरांना फक्त लहान हातकॅमेरा आत नेता येई आणि त्यासाठी दिवसाला २ डॉलर मोजावे लागत. प्रवेशाचे तिकीट ५० सेंटचे होते, म्हणजे कॅमेऱ्याचे शुल्क माणसाच्या तिकिटाच्या चौपट. साहजिकच आज मोठ्या, स्वच्छ, तपशीलवार रूपात जी छायाचित्रे उरली आहेत, ती बव्हंशी अधिकृत आहेत. आणि अधिकृत छायाचित्रकाराला दरवाजे उघडण्यापूर्वी सकाळच्या उजेडात, किंवा प्रदर्शन सुरू होण्याआधीच, वाटेल तिथे उभे राहता येत होते. वास्तूचे रूप निर्वेध दिसावे, हा त्यांचा हेतूच होता.

याची पडताळणी करायची असेल तर त्याच चौकांची हौशी लोकांनी काढलेली लहान, जराशी हललेली छायाचित्रे पाहावीत. त्यांत छत्र्या, टोप्या, बाकांवर पेंगणारी माणसे आणि मुलांचा हात धरून चाललेल्या बायका दिसतात. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेश नोंदले गेले होते. ती गर्दी या लहान छायाचित्रांत आहे. अधिकृत छायाचित्रांत झाडांकडेही लक्ष द्यावे. प्रदर्शन १ मे ते ३० ऑक्टोबर चालले. छायाचित्रातली झाडे निष्पर्ण असतील, तर ते बहुधा उद्घाटनाआधीचे किंवा समाप्तीनंतरचे असते, आणि मग तिथे माणसे नसण्यात काहीच नवल राहत नाही.

नेपथ्य

आमच्या घरात दोन पिढ्या सिनेमाचे सेट उभारण्याचे काम झाले आहे, आणि मी स्वतः ते बरीच वर्षे केले आहे. त्यामुळे या विषयात एका बाजूने बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

शिकागोच्या त्या पांढऱ्या इमारती ज्या मिश्रणाने मढवल्या होत्या त्याला तिथे ‘स्टाफ’ म्हणत. प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यात ताग किंवा तत्सम तंतू, आणि हे साच्यात ओतून काढलेले पत्रे. आत लाकडाचा आणि लोखंडाचा सांगाडा, त्यावर हे पत्रे खिळ्यांनी ठोकलेले. कोल्हापूरच्या स्टुडिओत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे वाचताच हात शिवशिवतील. खांबाचा माथा एकदाच मातीत घडवायचा, त्याचा साचा घ्यायचा आणि मग त्याच साच्यातून शेकडो माथे काढायचे. दगडात एकेक माथा घडवायला पाथरवटाला जो वेळ लागेल, त्या वेळात इथे सगळी रांग उभी राहते. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हापासून या गावाला हे कसब ठाऊक आहे. पडद्यावर दरबार दिसला म्हणून तो दगडाचा होता असे कोणी कोल्हापूरकर म्हणणार नाही.

माझा मुद्दा थोडा पुढचा आहे. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात प्लास्टर आणि दगड यांत फरक करणे कठीण असते, पण अशक्य नसते. तीन गोष्टी मी पाहतो. दगडी कामात सांधे भार वाहणाऱ्या जागी येतात. साच्याच्या कामात ते नक्षीच्या सोयीने, कुठेही येतात. एकाच साच्यातून निघालेल्या नक्षीत तोच बारीक दोष पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणजे पानाचे तेच टोक प्रत्येक खांबावर तसेच वळलेले असते. हाताने कोरलेल्या दगडात असे कधीच होत नाही. आणि कडा. प्लास्टरच्या कडा एका पावसाळ्यात बोथट होतात, कोपरे उडतात, तडे केसासारखे बारीक आणि तिरपे जातात. प्रदर्शन संपल्यानंतरच्या हिवाळ्यातली छायाचित्रे मिळाली तर हे सगळे सहज ओळखता येते.

पंचगंगाकाठ

नेपथ्यकाका, एकाच साच्यातल्या दोषाची ही खूण मी पहिल्यांदाच ऐकली. मोठ्या आकारात स्कॅन केलेल्या अधिकृत छायाचित्रांवर ती तपासण्यासारखी आहे.

आपल्या मुद्द्याला जोडून दोन गोष्टी सांगतो. तिथल्या उत्पादने व कला भवनाचा विस्तार १,६८७ फूट गुणिले ७८७ फूट होता आणि त्याच्या लोखंडी कमानींचा गाळा, म्हणजे मध्ये खांब न देता पेललेली रुंदी, ३६८ फूट. या आकड्यांवरच लोकांचा विश्वास डळमळतो. पण ज्या कमानींनी तो गाळा पेलला, त्या बाहेरच्या छायाचित्रात दिसतच नाहीत. बाहेर दिसते ते केवळ पांघरूण. जानेवारी १८९४ मध्ये आणि पुन्हा त्याच वर्षीच्या जुलैत तिथे मोठ्या आगी लागल्या. त्यानंतरच्या छायाचित्रांत पांघरूण गेलेले आणि वाकलेले, पीळ पडलेले लोखंड उघडे पडलेले दिसते. वास्तू समजून घ्यायची तर उद्घाटनाच्या छायाचित्रांपेक्षा ही छायाचित्रे अधिक बोलकी आहेत. एकटे कलाभवन वेगळ्या रीतीने बांधले होते, कारण परदेशातून आलेली चित्रे आगीपासून वाचवायची होती. म्हणून प्लास्टरच्या आत विटांचे पक्के बांधकाम होते. तीच इमारत टिकली, पुढे तिचे बाहेरचे आवरण दगडात नव्याने केले गेले आणि १९३३ मध्ये तिथे विज्ञान व उद्योग संग्रहालय सुरू झाले.

दुसरी गोष्ट रंगाची. तो पांढरा रंग इतक्या प्रचंड पृष्ठभागावर कुंचल्याने देणे वेळेत शक्य नव्हते, म्हणून फ्रान्सिस मिलेट यांच्या देखरेखीखाली दाबाखालच्या हवेने रंग फवारला गेला. ‘एवढ्या कमी वेळात कसे?’ या प्रश्नाचे उत्तर अशा कामाच्या तपशिलांत आहे. ते तपशील न पाहता ‘हे माणसांचे काम नव्हेच’ असे म्हणणे मला मनापासून खटकते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराविषयीही असेच बोलणारे भेटतात. ज्यांनी साचे ओतले, शिडीवर चढून पत्रे ठोकले, त्यांतल्या काहींनी त्या कामात जीवही गमावला, त्यांचे श्रम अशा एका वाक्याने पुसले जातात. सिडनहॅमच्या पुनर्बांधणीची फिलिप हेन्री डेलामॉट यांनी काढलेली छायाचित्रे या दृष्टीने अमोल आहेत. त्यांत अर्धवट कमानी, दोर, कप्प्या, शिड्या आणि त्यांच्यात उभे असलेले मजूर स्पष्ट दिसतात. महासंस्कृतीचा मजकूर पाठवणारे ही छायाचित्रे कधी पाठवत नाहीत.

मंगळवार पेठ

याच नगरीच्या तळ्याचे आणि घुमटाचे छायाचित्र ‘स्वामी विवेकानंदांनी इथे भाषण केले’ अशा ओळीसह दर सप्टेंबरात आमच्या तालमीच्या गटावर येते. ते बरोबर आहे का? आमच्या मंडळाच्या फलकावर ते छापायचे घाटत आहे, म्हणून विचारतो.

पंचगंगाकाठ

छापू नये, अशी विनंती करतो. सर्वधर्मपरिषद प्रदर्शनाचाच भाग होती, पण ती त्या पांढऱ्या नगरीत भरली नव्हती. जॅक्सन पार्कमधली ती नगरी शहराच्या मध्यापासून दहा-अकरा किलोमीटर दक्षिणेला होती. परिषदेचे ११ सप्टेंबर १८९३ चे उद्घाटन मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या नव्या दगडी इमारतीत झाले. परिषदांसाठी ती इमारत वापरून झाल्यावर ती कलासंस्थेकडे जाणार, हे आधीच ठरले होते. आज ती आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो म्हणून उभी आहे. तिचे छायाचित्र घ्यावे. दारात सिंहांचे दोन पुतळे असतील तर ते १८९३ नंतरचे आहे, कारण ते सिंह १८९४ मध्ये बसवले गेले. परिषदेच्या वेळची इमारत दाखवायची असेल तर सिंह नसलेले छायाचित्र शोधावे लागेल.

काळवत्री

चर्चा युरोप-अमेरिकेपुरती राहू नये म्हणून आपल्या बाजूची काही उदाहरणे देतो. १८८३-८४ च्या कलकत्ता आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी ग्वाल्हेरच्या कारागिरांनी दगडात एक भव्य दरवाजा कोरला होता. तोच पुढे १८८६ च्या लंडनमधल्या वसाहती व भारतीय प्रदर्शनात उभारला गेला आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १८८६ च्या याच प्रदर्शनासाठीचा जयपूर दरवाजा लाकडी होता. तो आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह येथील संग्रहालयाच्या बागेत आहे. दोन्हींची त्या काळची चित्रे शेजारी ठेवली तर एक दगडाचा आणि दुसरा लाकडाचा हे पटकन ध्यानात येत नाही. वस्तू उरल्या म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे.

मात्र १८८६ च्या प्रदर्शनातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट इमारतीची नाही. तिथल्या अंगणात विणकर, कुंभार, सुतार असे भारतीय कारागीर बसवले होते. छायाचित्रांखाली आणि वृत्तांतांत ते हिंदुस्थानच्या खेड्यांतले परंपरागत कारागीर म्हणून येतात. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांनी आपली कला आग्ऱ्याच्या तुरुंगात शिकलेली होती. इमारतीच्या प्लास्टरइतकेच छायाचित्राखालच्या ओळीलाही खरवडून पाहावे लागते, हे यातून कळते. १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनातल्या भारतीय दालनाचेही तसेच. ताजमहाल आणि जामा मशीद यांच्या धर्तीवर केलेले ते पांढरे दालन छायाचित्रात संगमरवरी वाटते. संगमरवर तिथे नव्हता.

आणि लोखंडी सांगाड्याची इमारत डोळ्यांनी पाहायची असेल तर मुंबईला काळा घोडा येथे जावे. वॉटसन हॉटेलचे ओतीव लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आल्या आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडल्या गेल्या. तिचे रचनाकार रोलँड ऑर्डिश यांनी तरुणपणी क्रिस्टल पॅलेसच्या आराखड्यांवर काम केले होते. त्याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्र दाखवले गेले.

पंचगंगाकाठ

आग्ऱ्याच्या कारागिरांचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. त्या अंगणाच्या चित्रांत आता मी आधी हातांतली हत्यारे आणि बसण्याची जागा पाहीन. खेड्यातला कारागीर स्वतःच्या सोयीने बसतो, प्रदर्शनातला प्रेक्षकांच्या सोयीने.

पॅरिसविषयी एवढेच लिहितो, कारण तिथे काळ ठरवणे तुलनेने सोपे आहे. आयफेल मनोरा ३१ मार्च १८८९ ला पूर्ण झाला. नदीपलीकडे दोन उंच मनोरे आणि मध्ये गोल सभागृह असलेला जुना त्रोकादेरो प्रासाद १८७८ च्या प्रदर्शनाचा होता आणि १९३७ च्या प्रदर्शनाच्या तयारीत तो गेला. मनोरा आणि प्रासाद दोन्ही एकत्र दिसत असतील तर छायाचित्र १८८९ ते १९३७ या दोन टोकांच्या मधले. त्यात प्रचंड फिरता पाळणाही असेल तर ते १९०० च्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे. ग्रां पॅले मात्र १९०० पासून आजही उभा असल्यामुळे एकट्या त्याच्यावरून काहीच ठरत नाही.

शाहूपुरी गल्ली

विषय थोडा जवळ आणतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासून चालू असलेले ते पॅलेस थिएटर. रंगमंच आणि छप्पर गेले. तेव्हापासून जुन्या छायाचित्रांचा शोध सगळेच घेत आहेत, आणि त्याबरोबरच संगणकाने रंग भरलेली, ‘स्वच्छ’ केलेली चित्रेही फिरू लागली आहेत. ती किती भरवशाची मानावीत?

नेपथ्य

पुनर्बांधणीसाठी ती अजिबात वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे मूळ छायाचित्रात धूसर डाग आहे तिथे संगणक स्वतःच्या मनाने नक्षी भरतो. खिडकीचे गज, कठड्याची जाळी, लाकडाच्या जोडाची रीत, हे सगळे तो कुठल्या तरी दुसऱ्या इमारतीवरून उचलतो आणि ते इतके नेटके दिसते की सुतार त्याच मापाने काम करायला बसेल. रंगाचेही तसेच. धागाकर्त्यांनी वर सांगितले आहे की जुन्या काचेवर तांबडे काळे पडते आणि निळे पांढरे होते. संगणकाला हे ठाऊक नसले तर तो काळ्या पट्टीला तपकिरी रंग देऊन मोकळा होईल.

पंचगंगाकाठ

काकांशी पूर्ण सहमत आहे. नाट्यगृहासाठी उपयोग होईल तो अगदी साध्या छायाचित्रांचा. सत्कार समारंभ, नाट्यस्पर्धा, बक्षीस वितरण, नाटकानंतर कलाकारांसोबत काढलेले कौटुंबिक फोटो. पुढे माणसे असतात आणि मागे कठडा, खांब, पडद्याची चौकट कोणाच्याही ध्यानीमनी नसताना येऊन जाते. फोटो काढणाऱ्याचे तिकडे लक्ष नव्हते, म्हणूनच तो भाग सजवलेला नसतो. चित्रात खुर्ची किंवा माईकचा स्टँड असे माप ठाऊक असलेले काही असेल, तर त्यावरून त्याच अंतरावरच्या लाकूडकामाची मापे काढता येतात. एकाच जागेचे दोन वेगळ्या कोनांतून काढलेले फोटो मिळाले तर ती मापे पडताळताही येतात.

ज्यांच्याकडे असे फोटो आहेत त्यांनी कडा न कापता, पुठ्ठ्यासकट, किमान ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावेत. मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, हाताने लिहिलेली तारीख, नाटकाचे नाव तिथेच असते. व्हॉट्सॲपवरून पाठवताना चित्र लहान होते, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. निगेटिव्ह असेल तर ती छापलेल्या फोटोहून मोलाची, कारण फोटो छापताना कडेचा भाग बहुधा थोडा कापला जातो.

मंगळवार पेठ

आमच्या तालमीच्या कपाटात नाट्यगृहातल्या सत्कारांचे दोन अल्बम आहेत. फोटो चिकटवलेले आहेत आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा आहे. सोडवून स्कॅन करावेत का?

पंचगंगाकाठ

सोडवू नका. त्या चिकट पानांवरून ओढले तर फोटोचा वरचा थर निघून येतो. पापुद्रा सहज सुटत असेल तर तेवढाच उचलावा, पान तसेच स्कॅनरवर ठेवावे, आणि पापुद्रा चिकटलेला असेल तर त्याच्यासकट खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात, चमक येणार नाही अशा कोनातून कॅमेऱ्याने घ्यावे. फलकासाठी सिंह नसलेले छायाचित्र मी शोधून ठेवतो. अल्बम पाहायला येईन तेव्हा घेऊन येतो.